मग ती माणसं कुठल्या गावात मेली?

१३ जानेवारी १९४४. लेनिनग्राडचा वेढा अजून उठलेला नव्हता. जर्मन तोफा वेशीवर होत्या आणि लाल सेनेचा निर्णायक हल्ला दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. नेमक्या त्या दिवशी शहराच्या सोव्हिएतने ठराव केला आणि वीस रस्त्यांना नि चौकांना त्यांची जुनी नावं परत दिली. १९१८ पासून ज्याच्या पाट्यांवर ‘२५ ऑक्टोबर मार्ग’ असं लिहिलेलं होतं तो पुन्हा नेव्हस्की झाला. उरित्स्की चौकाचा पुन्हा राजवाडा चौक झाला. क्रांतीत बळी पडलेल्यांच्या नावाने ओळखला जाणारा चौक पुन्हा मार्सचं मैदान झाला.

तोवर त्या शहरात लाखो माणसं भुकेने गेली होती. तोफगोळे अजून पडत होते. अशा वेळी रस्त्यांच्या नावांचं कोणाला सुचतं, याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नाही. १९४२ च्या जानेवारीत, हातापायांत त्राण नसताना, आपल्या माणसाचं प्रेत चादरीत गुंडाळून पोरांच्या खेळण्यातल्या बर्फगाडीवर ज्यांनी ओढत नेलं, ती माणसं तो रस्ता नेव्हस्की म्हणूनच ओळखत होती. त्यांच्या आई-आजीने त्याला तेच म्हटलं होतं. सरकारला त्या दिवशी ते मान्य करावंसं वाटलं, एवढंच. शहराचं स्वतःचं नाव मात्र लेनिनग्राडच राहिलं, आणि तेही कोणाला खटकलं नसावं. लेनिनग्राडमधला नेव्हस्की. दोन्ही नावं एका श्वासात घेता येत होती.

या शहराची नावं कशी बदलत गेली हे सांगायला फार वेळ लागत नाही. १७०३ साली पीटर झारने नेव्हा नदीच्या मुखाशी, दलदलीत, स्वीडनकडून नुकत्याच जिंकलेल्या जागेवर ते वसवलं आणि आपल्या नावाच्या संताचं नाव त्याला दिलं: सांक्त पितेरबुर्ख, आपलं सेंट पीटर्सबर्ग. वेठीला धरलेली कुळं आणि युद्धकैदी यांनी त्या चिखलात खांब ठोकले आणि ते तिथेच हजारोंनी मेले. १९१४ साली जर्मनीशी युद्ध पेटलं तेव्हा नाव जर्मन वाटतं म्हणून त्याचं पेट्रोग्राड केलं. २१ जानेवारी १९२४ ला लेनिन गेला आणि पाच दिवसांत ते लेनिनग्राड झालं. सप्टेंबर १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. तिथले लोक मात्र या सगळ्या काळात घरगुती बोलण्यात त्याला ‘पीतेर’ म्हणत आले आहेत.

माझ्या लहानपणी आमच्या घरात या शहराला एकच नाव होतं. बाबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते आणि लाल बावट्याच्या युनियनचे कार्यकर्ते होते. घरात मॉस्कोहून छापून आलेली मराठी पुस्तकं होती. कागद जाड, शाई गडद, किंमत इतकी कमी की पगाराच्या दिवशी बाबा एखादं सहज घेऊन येत. लेनिनग्राड हा शब्द ते उच्चारत तेव्हा त्यांचा आवाज किंचित बदलायचा, गावातल्या देवस्थानाचं नाव घेताना आजीचा बदलायचा तसा. स्टालिनग्राड तर त्यांच्या पिढीच्या कानात अण्णाभाऊ साठ्यांच्या पवाड्यामुळे बसलेलं होतं. पुढे त्या स्टालिनग्राडचंही व्होल्गोग्राड झालं, १९६१ साली, अण्णाभाऊ सोव्हिएत देश पाहून आले त्याच वर्षी. पण ते बाबांना फारसं लागलं नव्हतं. लेनिनग्राडचं लागलं.

याला कारण होतं. बाबा कापड विणणारे. १९१७ च्या क्रांतीची गोष्ट ते सांगायचे ती बोल्शेविकांच्या स्मोल्नीपासून किंवा ‘अरोरा’ जहाजाच्या तोफेपासून सुरू व्हायची नाही. ती सुरू व्हायची व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांपासून. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २३ फेब्रुवारी, आपल्या हिशेबाने ८ मार्च. त्या दिवशी गिरण्यांतल्या बायका साचे सोडून बाहेर पडल्या. नवरे आघाडीवर, घरात पोरं, आणि थंडीत तासन्‌तास पावाच्या रांगेत उभं राहूनही पाव हाताला लागेल याचा भरवसा नाही. पक्षाच्या पुढाऱ्यांचा त्या दिवशी संप करायचा विचार नव्हता. बायकांनी तो केला, शेजारच्या धातूच्या कारखान्यांपुढे जाऊन पुरुषांना बाहेर बोलावलं, आणि चार दिवसांत व्होलिन्स्की पलटणीतल्या शिपायांनी लोकांवर गोळ्या झाडायचं नाकारून उठाव केला. आठवडा-दीड आठवड्यात तीनशे वर्षांचं झारचं घराणं सिंहासनावरून उतरलं. “साचेवाल्यांनी सुरू केली,” बाबा आईकडे बघून म्हणायचे, “आणि त्यातही बायकांनी.”

दुसरी गोष्ट ते सांगायचे ती १९०८ ची. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. त्या संपाची नोंद परदेशात राहणाऱ्या लेनिनने आपल्या लेखात केली. तीनच वर्षांपूर्वी, ९ जानेवारी १९०५ ला, पीटर्सबर्गचे कामगार गापोन नावाच्या पाद्र्यामागून झारकडे गाऱ्हाणं घेऊन निघाले होते. हातांत झारच्याच तसबिरी होत्या, देवाची चित्रं होती, ओठांवर प्रार्थना होती. झार राजवाड्यात नव्हताही. नार्वा वेशीपाशी, पुलांवर, राजवाड्यासमोर फौजेने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्यानेच शंभरांवर माणसं मेली. बाबांच्या मनात हे दोन्ही प्रसंग एकमेकांना चिकटून होते. परळ आणि पीटर्सबर्गचा पुतिलोव्ह कारखाना त्यांच्या लेखी एकाच रस्त्यावर होते.

सप्टेंबर १९९१ मध्ये नाव बदलल्याची बातमी आली तेव्हा गिरणीत परत जाण्याची आशा सुटून त्यांना वर्षं झाली होती. त्र्याऐंशीतच गिरण्यांचा संप मोडला होता. जूनमध्ये तिथे मतदान झालं होतं, सुमारे ५४ टक्के लोकांनी जुन्या नावाच्या बाजूने कौल दिला होता, हेही बातमीत होतं. बाबांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. मला वाटलं, ते लेनिनबद्दल काहीतरी बोलतील, गोर्बाचेव्हला शिव्या देतील. ते म्हणाले, “मग वेढ्यातली ती माणसं कुठल्या गावात मेली म्हणायचं आता?”

हा प्रश्न त्या शहरातल्या वेढ्यातून वाचलेल्या म्हाताऱ्यांनीही तेव्हा विचारला होता, हे मला पुढे कळलं. नावाच्या बदलाला त्यांच्यातल्या अनेकांचा विरोध होता, आणि तो पक्षनिष्ठेतून आलेला होता असं समजणं फार वरवरचं होईल.

८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४. ८७२ दिवस. जर्मनांना शहर जिंकायचं नव्हतं, उपाशी मारायचं होतं. लाखो तोंडं पोसायची जबाबदारी त्यांना नको होती. २० नोव्हेंबरपासून शिधा कमीत कमी झाला: कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव, बाकी सगळ्यांना, म्हणजे कारकुनांना, बायकांना, म्हाताऱ्यांना, मुलांना, १२५ ग्रॅम. आणि तो पाव म्हणजे तरी काय? पिठात सरकीची पेंड, लाकडाचा लगदा. पाणी नाही, दिवे नाहीत, ट्राम जागच्या जागी बर्फात रुतलेल्या. लोकांनी भिंतीवरचे कागद सोलून त्यांच्या मागची खळ उकळून खाल्ली, कातडी पट्टे शिजवले. लादोगा सरोवर गोठल्यावर त्यावरून ट्रक येऊ लागले आणि त्या वाटेने धान्य आत आलं, माणसं बाहेर गेली. तरी किती मेले याचा न्यूरेम्बर्गच्या खटल्यात मांडलेला आकडा ६ लाख ३२ हजार होता, आणि पुढच्या इतिहासकारांनी तो दहा लाखांच्या घरात नेला.

तान्या साविचेवा नावाची बारा वर्षांची मुलगी होती. थोरल्या बहिणीच्या छोट्या वहीत तिने एकेका पानावर घरातल्या एकेकाचं नाव, तारीख आणि वेळ लिहिली. आजी गेली. भाऊ गेला. काका गेले. आई गेली, सकाळी साडेसातला. शेवटच्या पानांवर तिने लिहून ठेवलं की सगळे गेले, आता तान्या एकटीच उरली आहे. तिला शहराबाहेर काढलं, पण ती सावरली नाही, १९४४ च्या जुलैत गेली. या नोंदींत तिने कुठे शहराचं नाव लिहिलेलं नाही. बाबांना ही वही ठाऊक होती. “हिच्या गावाचं नाव ती असताना जे होतं तेच राहू द्यावं,” असं काहीसं ते त्या सप्टेंबरात बोलले होते.

आणि सेंट आयझॅकच्या चौकातली ती बियाण्यांची संस्था. निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभर हिंडून गोळा केलेलं धान्य तिथे डबे भरभरून होतं: तांदूळ, गहू, भुईमूग, वाटाणा. ते सांभाळणारे शास्त्रज्ञ त्या धान्याच्या शेजारी भुकेने मेले. भाताच्या जातींचा तज्ज्ञ दमित्री इवानोव्ह गेला तेव्हा त्याच्या ताब्यात हजारो पाकिटं तांदूळ होता. त्यांनी त्यातला दाणा खाल्ला नाही. वाविलोव्ह स्वतः मात्र त्या वेळी तिथे नव्हते. त्यांना १९४० सालीच स्टालिनच्या पोलिसांनी पकडलं होतं, आणि जानेवारी १९४३ मध्ये साराटोव्हच्या तुरुंगात तेही भुकेने खंगून गेले.

इथे बाबांची गोष्ट संपायची. वाविलोव्ह कुठे होते हे ते सांगत नसत. सदतीस सालच्या स्टालिनच्या धरपकडीचा विषय निघाला की ते चष्मा काढून पुसायला लागत आणि उठून जात. मी कॉलेजात असताना आमचं यावरून बिनसलं. मी त्यांच्यासमोर कवयित्री अख्मातोवाचं नाव घेतलं, क्रेस्ती तुरुंगाबाहेरच्या रांगेचं सांगायला गेले, की आपल्या मुलाची खबर कळावी म्हणून ती बाई सतरा महिने कशी रांगांत उभी राहत होती. ते म्हणाले, “शत्रूंनी उठवलेलं असतं बरंच.” पावाच्या रांगेतल्या बायका त्यांना दिसत होत्या, तुरुंगाच्या रांगेतल्या दिसत नव्हत्या. शहर तेच, नेव्हा तीच, बहुधा काही बायकाही त्याच.

त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे एक आपला माणूसही होता, पण त्याची गोष्ट मला फार उशिरा कळली. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९२९ साली लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले होते. घरातून बुद्धाच्या शोधात निघालेला हा माणूस हार्वर्डमध्ये काम करून आला होता, रशियन शिकला होता, आणि समाजवादाचं त्याला मनापासून आकर्षण होतं. पीटर्सबर्ग भारतविद्येला नवं नव्हतं. ब्योटलिंक आणि रोट यांचा संस्कृत-जर्मन कोश १८५५ ते १८७५ या काळात सात खंडांत तिथल्याच विज्ञान अकादमीने छापला. पुण्यातले संस्कृतचे अभ्यासक आजही त्याला पीटर्सबर्ग कोश म्हणतात. शहराचं नाव दोनदा बदललं तरी त्यांच्या तळटीपांत ते तेच राहिलं. कोसंबी गेले तेव्हा बौद्ध न्यायाचे मोठे पंडित फ्योदोर श्चेरबात्स्कोय तिथे काम करत होते, त्यांच्याभोवती तरुण संशोधकांचा मेळा होता. कोसंबी परत आले, मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. तिकडे १९३७ साली त्या मेळ्यावर धाड आली. तिबेटी आणि संस्कृतचा जाणकार आंद्रेय वोस्त्रिकोव्ह, टागोरांना बंगालीतून रशियनमध्ये नेणारा मिखाइल तुब्यान्स्की, दोघांनाही त्या वर्षी गोळ्या घातल्या. श्चेरबात्स्कोय वाचले, आणि वेढ्याच्या काळात कझाकस्तानात हलवलेले असताना १९४२ साली तिथेच वारले. एका पूर्ण विद्येचं घर त्या शहरात असं बसलं. बाबा असते तर मी त्यांना कोसंबींपासून सुरुवात करून हे सांगितलं असतं. त्यांना कोसंबींबद्दल आदर होता.

बाबा गेल्यानंतर मी तिथे जाऊन आले. मुंबईच्या विमानतळावर सामानाला लावलेल्या पट्टीवर शहराच्या नावाची तीन अक्षरं छापलेली होती: एल, ई, डी. विमानवाल्यांच्या लेखी ते अजून लेनिनग्राडच आहे. शहराभोवतीचा प्रांतही कागदोपत्री लेनिनग्राड प्रांतच राहिला. शहराचं नाव बदललं, जिल्ह्याचं राहून गेलं, असं आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागेल. रस्त्यांचंही तसंच. १९९१ नंतर अनेक जुनी नावं परत आली. त्यातली बहुतेक आली ते चांगलं झालं, पण एक मला अजून टोचतं. १८८१ साली दुसऱ्या अलेक्झांडर झारवर जिथे बॉम्ब पडला त्या कालव्याजवळच्या एका रस्त्याला सोफिया पेरोव्स्कायाचं नाव होतं. त्या कटासाठी फाशी गेली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. आता तो रस्ता पुन्हा पागेच्या नावाने ओळखला जातो. बॉम्बने राज्य बदलत नाही हे मला पटतं. तरी घोड्यांच्या पागेपेक्षा त्या मुलीचा त्या रस्त्यावर जास्त हक्क होता, असं मला वाटतं.

नेव्हस्कीवर १४ नंबरच्या इमारतीच्या भिंतीवर निळ्या चौकोनात पांढरी अक्षरं आहेत. तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू सर्वांत धोक्याची आहे, अशी नागरिकांना सूचना. नैर्ऋत्येकडून गोळे येत, म्हणून उत्तरेकडची ही बाजू मारली जाई. वेढ्यातली मूळ अक्षरं उरलेली नाहीत, ही नंतर पुन्हा रंगवलेली आहेत. खाली कोणीतरी फुलं ठेवलेली होती. येणारे-जाणारे घाईत होते, कोणी थांबत नव्हतं, आणि तरी फुलं ताजी होती.

मार्सच्या मैदानात बाबांच्या वतीने गेले. फेब्रुवारीत पडलेल्या १८४ जणांना तिथे १९१७ च्या वसंतात पुरलं, पाद्र्यांशिवाय, अफाट गर्दीत. सभोवती ग्रॅनाइटच्या बुटक्या भिंती आहेत, मधे ज्योत. ती १९५७ साली पेटवली. पिस्कार्योव्ह दफनभूमीतली ज्योत याच ज्योतीवरून पेटवून नेली, मॉस्कोच्या अज्ञात सैनिकाच्या थडग्यावरचीही इथूनच गेली. म्हणजे देशभरच्या त्या ज्योती पाव मागत उठलेल्या माणसांच्या थडग्यावरून निघालेल्या आहेत. साचेवाल्या बायकांची नावं तिथे शोधत होते. भिंतींवरच्या ओळी सुंदर आहेत, लुनाचार्स्कीने लिहिलेल्या, पण त्या बायकांची नावं त्यांत नाहीत.

पिस्कार्योव्हला नावंच नाहीत. लांबच लांब हिरवळीचे चौथरे, १८६ सामूहिक थडगी, सुमारे चार लाख वीस हजार नागरिक आणि सत्तर हजार सैनिक. प्रत्येक चौथऱ्याच्या डोक्याशी दगडावर फक्त साल कोरलेलं: १९४१, १९४२, १९४२, १९४२. सैनिकांच्या थडग्यावर तारा, रहिवाशांच्या थडग्यावर कोयता-हातोडा. एक म्हातारी बाई चौथऱ्याच्या कडेला वाकून काहीतरी ठेवत होती. जवळ गेल्यावर दिसलं: काळ्या पावाची एक चकती आणि चांदीच्या कागदातली एक गोळी. तिची माणसं नेमकी कुठल्या चौथऱ्यात होती हे तिलाही ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तिने त्या सालाच्या दगडापाशी ठेवलं. एका शहराला तीनशे वर्षांत तीन वेगवेगळी नावं लाभली आणि त्याच्या लाखो माणसांच्या वाट्याला थडग्यावर एक आकडा आला. नंतर त्या शहराने वेढ्यात गेलेल्यांच्या नावांचं पुस्तक काढलं, पस्तीस खंडांचं, सहा लाखांहून अधिक नावांचं. त्यावर शीर्षकात शहराचं नाव लेनिनग्राड आहे. ते छापलं तेव्हा शहर पीटर्सबर्ग होऊन बरीच वर्षं झालेली होती. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या शहराने असं दिलं होतं, आणि ते त्यांना आवडलं असतं.

दफनभूमीच्या मागच्या भिंतीवर ओल्गा बेर्गहोल्ट्‌सच्या ओळी कोरलेल्या आहेत. वेढ्यात शहराला ऐकू यायचा तो हिचा आवाज. रेडिओवर कार्यक्रम नसे तेव्हा नुसती लंबकाची टकटक लावून ठेवत, शहर अजून चालू आहे हे लोकांना कळावं म्हणून, आणि मधे ही बाई बोलायची. साधं बोलायची. शेजारीण बोलते तसं. उपाशी माणसं अंधारात पडून ऐकायची. तिचा नवरा निकोलाय मोल्चानोव्ह जानेवारी १९४२ मध्ये उपासमारीने गेला, त्यानंतरही ती बोलत राहिली.

तिच्याबद्दल बाबांच्या पुस्तकात एवढंच होतं. जे नव्हतं ते असं. तिचा पहिला नवरा, कवी बोरिस कोर्निलोव्ह, याला १९३८ साली गोळी घातली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिला पकडलं. ती गरोदर होती. चौकशीत तिला मारहाण झाली आणि पोटातलं मूल गेलं. १९३९ च्या जुलैत निर्दोष म्हणून सोडलं. दोन लहान मुली तिने त्याआधीच आजारपणात गमावलेल्या होत्या. आणि दोन वर्षांनी, ज्या शहराच्या पोलिसांनी तिचं हे केलं त्याच शहरासाठी, लेनिनग्राड हे नाव घेऊन, ती रोज रेडिओवर उभी राहिली. तिचं खोटं नव्हतं. तुरुंगातलंही खरं, रेडिओवरचंही खरं. मी आणि बाबा एका जेवणाच्या ताटावर बसून जे दोन बाजूंनी ओढत होतो, ते या बाईने एकटीने अंगावर वागवलं होतं.

युद्धानंतर तर आणखी विपरीत झालं. वेढ्याचं संग्रहालय लोकांनी आपल्या घरातल्या वस्तू आणून उभं केलं होतं. १९४९ साली ते बंद केलं. वेढ्यात शहर सांभाळणारे कुझ्नेत्सोव्ह आणि पोप्कोव्ह यांना देशद्रोही ठरवून ऑक्टोबर १९५० मध्ये गोळ्या घातल्या. बेर्गहोल्ट्‌सच्या रेडिओ भाषणांचं पुस्तक ग्रंथालयांतून काढून घेतलं. लेनिनग्राडने आपलं दुःख आपल्या नावाने सांगितलं, ते मॉस्कोला मानवलं नाही. संग्रहालय पुन्हा उघडलं ते १९८९ साली. म्हणजे लेनिनग्राड हे नाव पुसायचा पहिला प्रयत्न पीटर्सबर्गवाल्यांनी केलेला नाही. तो खुद्द स्टालिनने केला. हे बाबांना सांगायचं राहिलं, याची हळहळ मला सगळ्यात जास्त वाटते.

लेवाशोव्हो शहराच्या उत्तरेला आहे. उंच कुंपणामागचं रान. १९३७ पासून गोळ्या घातलेली माणसं तिथे रात्री आणून पुरली, सरकारी हिशेबाने एकोणीस हजारांवर, आणि १९८९ पर्यंत त्या कुंपणाच्या आत कोणाला पाय टाकू दिला नाही. कुझ्नेत्सोव्ह आणि पोप्कोव्हही तिथेच असावेत असं मानतात. तिथे चौथरे नाहीत, सालंही नाहीत. कोण कुठे आहे हे कळायची सोय नाही, म्हणून नातेवाइकांनी पाइनच्या खोडांना फोटो बांधले आहेत. खाली नाव, जन्मसाल, १९३७ किंवा १९३८, कुठे धंदा: सुतार, शिक्षक, इंजिन ड्रायव्हर, बाई असेल तर गिरणी कामगारसुद्धा. एका खोडावरचा फोटो पावसाने इतका धुऊन निघालेला होता की चेहरा उरलाच नव्हता, कोणीतरी त्याच चौकटीवर ताजी दोरी बांधून गेलं होतं.

परत आल्यावर मी नानांकडे गेले. नाना बाबांचे युनियनमधले जोडीदार, आता नव्वदीच्या पुढे, लालबागच्या चाळीतल्या त्याच खोलीत. भिंतीवर लेनिनची तसबीर अजून आहे. त्यांना मी सगळं सांगितलं. नेव्हस्कीवरची निळी पाटी, मार्सच्या मैदानातली ज्योत, म्हातारीने ठेवलेला पाव. ते मान डोलावत होते. मग लेवाशोव्होचं सांगितलं. मला वाटलं, ते बाबांसारखे चष्मा पुसायला लागतील. ते हलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “त्यात कामगार किती होते?” मी म्हटलं, पुष्कळ. “तुझ्या बापाला हे ठाऊक होतं,” ते म्हणाले. “सगळं नव्हे, पण होतं. आम्ही बोलायचो नाही.”

सूनबाई चहा घेऊन आल्या. नानांनी कप बाजूला ठेवला.

“ती रेडिओवरची बाई सांगितलीस ना, बाय,” ते म्हणाले, “तिचं पुन्हा सांग. पहिल्या नवऱ्यापासून सांग.”